‘एनएमसी-मान्य’ परदेशी कॉलेज असं काही नसतं

बारावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘परदेशात एमबीबीएस. एनएमसी आणि डब्ल्यूएचओ मान्य कॉलेज. नीट नको. शेवटचं वर्ष आणि इंटर्नशिप भारतात. परतल्यावर फक्त एक औपचारिक परीक्षा.’ परवा तो भाचीच्या घरी पोचला आणि तिथे पासपोर्टची धावपळ सुरू झाली, म्हणून हे लिहितोय. (एनएमसी म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, भारतातलं वैद्यकीय शिक्षण आणि डॉक्टरांची नोंदणी यांचे नियम ठरवणारी संस्था.)

नीटचं आधी उरकतो. 2018 पासून परदेशात एमबीबीएसला जाणाऱ्यालाही नीट पात्र होणं सक्तीचं आहे. तिकडची कित्येक कॉलेजं ती विचारत नाहीत, हे खरं. पण परतल्यावर इथे विचारतात, आणि तोवर सगळी वर्षं गेलेली असतात.

‘मान्य कॉलेज’ ही तर शुद्ध फसवणूक. डब्ल्यूएचओ कुठल्याही मेडिकल कॉलेजला मान्यता देत नाही. एनएमसीही परदेशी कॉलेजांची यादी मंजूर करत नाही. ती फक्त अटी घालते. तुमचा कोर्स त्यांत बसतो का, हे तुम्हीच तपासायचं. या अटी 18 नोव्हेंबर 2021 च्या राजपत्रात आहेत. चार पानं वाचायचा कंटाळा करू नका, कारण मेसेजमधली जवळपास प्रत्येक ओळ तिथेच खोटी पडते.

पहिली अट कोर्सच्या लांबीची: किमान 54 महिने, एकाच संस्थेत. इंटर्नशिप त्यात धरत नाहीत. फिलिपिन्सचा बीएस-एमडी घ्या (तिथला एमडी म्हणजे आपल्या एमबीबीएसच्या पातळीची पदवी). सगळी वर्षं मिळून सहाच्या आसपास दिसतात आणि एजंट तोच आकडा सांगतो. पण बीएस हा एमडीच्या आधीचा वेगळा कोर्स, एनएमसी तो एमबीबीएसमध्ये मोजत नाही. उरतो चार वर्षांचा एमडी, म्हणजे 48 महिने. सहा महिने कमी. पदवी हातात, आणि इथे नोंदणीला अपात्र. ही तूट नंतर कुठलाही जादा कोर्स करून भरता येत नाही.

‘शेवटचं वर्ष भारतात’ ही ओळ सगळ्यात घातक आहे. नियम सांगतो, शिक्षण आणि 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत पूर्ण व्हायला हवी. त्यातला कुठलाही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात चालत नाही. भारतातली इंटर्नशिप असते, पण ती दुसरी, आणखी 12 महिन्यांची. एजंट या दुसरीचं नाव घेऊन पहिली गाळतो. शिवाय ती पदवी त्या देशातल्या नागरिकाइतकाच तिथे प्रॅक्टिसचा परवाना मिळवून देणारी हवी. परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळी पदवी काढलेली असेल, तर इथलं दार बंदच.

आता ती ‘औपचारिक’ परीक्षा. तिचं नाव एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांची भारतातली चाचणी. 300 गुणांची, पास व्हायला 150. निगेटिव्ह मार्किंग नाही, पुन्हा बसता येतं, इतकं मान्य करतो. तरी जून 2024 च्या सत्राला बसलेल्यांतला पाचांतला जेमतेम एक पास झाला. हे निकाल परीक्षा घेणारी संस्था, एनबीईएमएस (राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळ), स्वतःच जाहीर करते. पास झाल्यावर राज्याच्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिप, मग कायम नोंदणी. नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केली तर 2019 च्या एनएमसी कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये वैद्यकीय पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण दोन्ही घेऊन तिथे डॉक्टर म्हणून नोंदणी मिळालेल्यांना या परीक्षेतून सूट आहे, हे खरं. पण हा मेसेज त्यांच्यासाठी नाहीच.

एजंटकडे पैसे भरण्याआधी कॉलेजच्या लेटरहेडवर चार गोष्टी लेखी मागा: इंटर्नशिप वगळून कोर्स किती महिन्यांचा, शिकवण्याचं माध्यम इंग्रजी आहे का, इंटर्नशिप कॉलेजमार्फतच होते का, आणि परदेशी पदवीधराला त्या देशाचा परवाना कुठल्या नियमाने मिळतो. चौथ्याचं उत्तर टाळलं, तर प्रवेश घेऊ नका.