‘झोप नाही, त्यात फुप्फुसं कुठून आली?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया रागाची आहे आणि त्या रागाला कारण आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळा होत नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. तुमच्या वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे. केमो आणि रेडिएशन संपून दोनेक महिने झालेत. कॅन्सरमध्ये झोप उडण्यामागे कधी फुप्फुसंही असतात, हे सांगणारा माझा लेख वाचून तुम्ही एक अख्खी रात्र त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून जागून काढलीत. तुम्ही लिहिता, ‘कॅन्सर झालेल्या माणसाला झोप येत नाही यात शोधायचं काय? चिंतेने झोप उडते. तुम्ही डॉक्टर लोक प्रत्येक गोष्टीत नवा आजार शोधता. झोपेची गोळी द्यावी म्हटलं तर तिचीही भीती घालून ठेवलीत. आणि दम लागला तर हातात छोटा पंखा धरा, हे वाचून हसावं की रडावं तेच कळेना.’ याच ओघात तुमचं आणखी एक वाक्य आहे : ‘आता तर ते पलंगाला पाठ टेकतच नाहीत, खुर्चीत बसूनच डुलक्या काढतात, इतकी चिंता त्यांना पोखरते आहे.’

सगळ्या प्रतिक्रियेत मला हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं वाटलं. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, मी मात्र तिथेच थांबलो.

चिंतेने झोप उडालेला माणूस तळमळतो, कुशी बदलतो, मध्यरात्री उठून घरात फेऱ्या मारतो, पण थकला की पुन्हा आडवा होतो. आडवं व्हायलाच जो तयार नाही, पडल्यावर ज्याचा जीव घाबरा होतो आणि उठून बसल्यावर पाच-दहा मिनिटांत ज्याला बरं वाटतं, त्याच्या बाबतीत चिंतेला दोष देण्याआधी छाती तपासायला हवी. रुग्ण स्वतः हे सांगतोच असं नाही. ‘मला दम लागतो’ असं म्हणण्याऐवजी तो ‘पलंगावर बरं वाटत नाही’, ‘मला बसूनच झोप लागते’ असं म्हणतो. उशा एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन होतात, आणि घरातल्यांना ती सवय वाटते. म्हणून झोपेची तक्रार घेऊन कोणी आलं की मी ‘किती तास झोपता?’ हे नंतर विचारतो. आधी विचारतो, किती उशा लागतात, कोणत्या कुशीवर बरं वाटतं, आणि जाग येते ती कशाने.

आडवं झाल्यावर होतं काय, तेही सांगतो. बसलेलो असताना पोटातले अवयव खाली असतात आणि छाती-पोटाच्या मधला श्वासाचा पडदा मोकळेपणाने खाली जातो. पाठीवर पडलं की तेच अवयव पडद्याला वर रेटतात आणि श्वास सोडल्यावर फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते. हे निरोगी माणसातही होतं. त्याच्याकडे राखीव साठा भरपूर असतो म्हणून जाणवत नाही. ज्याचा साठा गाठीने, पाण्याने किंवा व्रणाने आधीच खाल्ला आहे, त्याला तेवढा फरकही पुरतो. त्यात झोपेची भर पडते. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात, बरगड्यांमधलेसुद्धा, आणि श्वासाचं सगळं ओझं एकट्या पडद्यावर येतं. ही झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. पहाटे तीन-चारच्या सुमारास दचकून उठणारा माणूस वाईट स्वप्नानेच उठला, असं गृहीत धरू नये ते यासाठी.

कॅन्सरमध्ये ही वेळ येण्याची कारणं बरीच आहेत. वारंवार दिसणारं म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणात साठणारं पाणी. ते हळूहळू साठतं, त्यामुळे माणूस नकळत जुळवून घेत जातो : जिना टाळतो, चालणं कमी करतो, मग एका कुशीवरच झोपतो, शेवटी बसून झोपतो. एका साध्या एक्स-रेत किंवा सोनोग्राफीत ते दिसतं. सुईने एक-दीड लिटर पाणी काढल्यावर त्याच रात्री आडवं होऊन झोपलेली माणसं मी पाहिली आहेत. पाणी पुन्हा पुन्हा होत असेल तर आवरणाच्या दोन पदरांमध्ये टाल्कची पूड सोडून ते चिकटवता येतात, किंवा एक बारीक नळी कायमची बसवून घरच्या घरी पाणी काढता येतं. म्हणजे ज्याला आपण ‘कॅन्सर आहे, झोप उडणारच’ म्हणून सोडून देतो, त्यातल्या काही रात्री परत मिळवता येतात. लेख लिहिण्यामागे माझा हेतू एवढाच होता. नवा आजार शोधण्याची हौस मला नाही.

दुसरं कारण वडिलांच्या वेळापत्रकाशी जुळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. छातीवर रेडिएशन घेतलेल्या काही रुग्णांच्या फुप्फुसाला साधारण १ ते ३ महिन्यांनी सूज येते, कधी सहा महिन्यांपर्यंतही. कोरडा खोकला, बारीक ताप, दम. उपचार संपून आता कुठे सगळं सुरळीत झालं असं वाटत असतानाच हे सुरू होतं, म्हणून कोणी त्याचा संबंध रेडिएशनशी लावत नाही. घशाची तक्रार समजून खोकल्याचं औषध चालू राहतं. प्रतिकारशक्तीला चेतवणारी नवी औषधं, म्हणजे निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब वगैरे, हीसुद्धा शंभरातल्या साधारण ३ ते ५ जणांमध्ये अशी सूज आणतात. जुन्या औषधांत ब्लिओमायसिन त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. वडिलांना हेच झालंय असं मी म्हणत नाही. रुग्ण न पाहता तसं म्हणणं गैर ठरेल. रेडिएशन केव्हा संपलं आणि बसून झोपणं केव्हा सुरू झालं, या दोन तारखा त्यांच्या डॉक्टरांसमोर शेजारी शेजारी ठेवा, एवढंच सांगतो.

गंमत अशी की या सुजेवर जे औषध देतात, ते स्टिरॉइड, तेच झोपेचं वैरी. केमोच्या दिवशी उलटी होऊ नये म्हणून देतात त्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा परिणाम दीड दिवसाहून जास्त रेंगाळतो. गोळी रात्रीच्या जेवणानंतर घेतली जात असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. फुकटचा उपाय आहे आणि बरेचदा लागू पडतो.

बाकी कारणं भराभर सांगतो. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रॅस्टुझुमॅब या कॅन्सरच्या औषधांनी हृदय कमकुवत झालं तरी पाठ टेकवत नाही. पोटात पाणी झालं तरी तेच. पडद्याला चालवणारी नस गाठीने दाबली गेली तर एका बाजूचा पडदा काम करेनासा होतो. आणि छातीतली मोठी शीर दाबली गेली तर सकाळी उठल्यावर चेहरा आणि डोळे सुजलेले दिसतात, मान भरून आल्यासारखी वाटते, वाकलं की डोकं जड होतं. ही शेवटची खूण दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नसते.

आता चिंतेबद्दल. ती खोटी आहे असं मी कुठेच लिहिलेलं नाही. निरनिराळ्या पाहण्यांत कॅन्सरच्या एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांना निद्रानाशाचा त्रास आढळतो, आणि त्या सगळ्यांची फुप्फुसं बिघडलेली नसतात. काहींना दुखणं झोपू देत नाही, हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या काहींना रात्री अंगातून वाफा निघतात, काहींना डोक्यातले हिशेब झोपू देत नाहीत. अशांसाठी निद्रानाशाची म्हणून ठरलेली वर्तनोपचार पद्धत आहे, आणि दीर्घकाळच्या निद्रानाशावर गोळीच्या आधी तीच वापरावी असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. झोप येईल तेव्हाच पलंगावर जायचं, जागं राहून लोळत पडायचं नाही, उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची, असे तिचे नियम आहेत. अशक्त रुग्णासाठी ते सैल करावे लागतात. पण ज्याला पडल्यावर दम लागतो त्याला ‘पलंगावर जा आणि मन शांत करा’ सांगणं हा अन्याय आहे. दम लागला की घबराट होते, घबराटीने श्वास उथळ आणि जलद होतो, त्याने दम वाढतो. या चक्रात चिंता आहेच. तिच्याआधी दम आहे.

ऑक्सिमीटरचं ऐकून मात्र वाईट वाटलं. ते यंत्र रात्रभर बोटाला लावून आकड्याकडे बघत बसण्यासाठी नाही. झोपेत आकडा थोडा खाली जाणं नैसर्गिक आहे. बोट गार असलं, हात हलला, नखाला रंग असला तरी तो चुकतो. काळ्या वर्णाच्या रुग्णांमध्ये हे यंत्र खरा ऑक्सिजन असतो त्यापेक्षा जास्त दाखवतं, हेही २०२० मध्ये एका मोठ्या अभ्यासात पुढे आलं. दिवसा, पाच मिनिटं शांत बसल्यावर एकदा आणि खोलीत थोडं चालल्यावर एकदा आकडा बघा, लिहून ठेवा, आणि यंत्र बाजूला ठेवा. रात्री आकड्यापेक्षा माणूस बघा : श्वास मोजावेसे वाटण्याइतके जलद आहेत का, बोलताना वाक्य तुटतं का, ओठ निळसर दिसतात का. आकडा चांगला असूनही दम लागू शकतो, हेही ध्यानात असू द्या. पडद्याने दुप्पट मेहनत करून तो आकडा राखलेला असतो.

गोळीचा मुद्दा तुम्ही सगळ्यात जास्त रागाने मांडलात. ‘आधीच एवढं सोसणाऱ्या माणसाला एक गोळी दिली तर काय बिघडलं?’ काही वेळा काहीच बिघडत नाही. छाती तपासून झाली आहे, दमाचं कारण सापडलं नाही किंवा त्यावर उपचार चालू आहेत, आणि तरी झोप नाही, अशा वेळी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी थोड्या दिवसांसाठी घेण्यात मला गैर वाटत नाही. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. कारण न विचारता दिलेल्या गोळीला, आणि कपाटात पडलेल्या दुसऱ्या कोणाच्या गोळीला. कमी हवा मिळणाऱ्या माणसाला मध्येच जाग येते ती शरीराने त्याला उठवलेलं असतं. पहारेकऱ्यालाच गुंगी देऊन घर सुरक्षित होत नाही. लोराझेपाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या घशाचे स्नायू सैल करतात आणि श्वासाची ओढ मंदावतात. वेदनेसाठी मॉर्फिन चालू असेल तर दोन्ही मिळून श्वास धोक्याइतका मंद होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये या जोडीबद्दल सर्वांत कडक प्रकारची सूचना औषधांच्या माहितीपत्रकावर छापायला लावली. सकाळी डोकं दुखणं, दिवसभर पेंग, बोलण्यात घोळ, ही कार्बन डायऑक्साइड साठत असल्याची चिन्हं असू शकतात. अशा माणसाला ‘काल बरा झोपला’ म्हणून दुसरी गोळी देणं मला भीतीचं वाटतं.

मॉर्फिनची मात्र उगाच धास्ती नको. ज्या दमाचं मूळ काढून टाकता येत नाही, त्या दमासाठी अगदी थोड्या मात्रेत ते देतात, आणि जाणत्या हातात ते चांगलं औषध आहे. आणि आजार शेवटच्या दिवसांत आला असेल, तिथे हिशेबच वेगळा. तिथे ध्येय आराम हे असतं, झोप आणणारी औषधं मोकळ्या मनाने वापरली जातात आणि ऑक्सिजनचे आकडे कोणी मोजू नयेत. तुमच्या लिहिण्यावरून वडील त्या टप्प्यावर आहेत असं मला वाटत नाही.

थांबू नये अशा गोष्टी : अचानक वाढलेला दम, श्वास घेताना छातीत कळ, एकाच पायाची सूज. कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळीचा धोका इतरांपेक्षा कित्येक पट असतो, आणि ती पायातून फुप्फुसात जाते. खोकल्यातून रक्त. केमो चालू असताना ३८ अंश सेल्सिअस किंवा त्यावर ताप, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी.

राहिला पंखा. तुम्हाला हसू आलं, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही आलं होतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दम लागणाऱ्या ५० रुग्णांना असा छोटा पंखा पाच मिनिटं चेहऱ्यावर आणि पाच मिनिटं पायावर धरायला दिला. चेहऱ्यावर धरल्यावर दम कमी जाणवला. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या चाचणीत, ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन फारसा कमी नव्हता पण दम होता अशा २३९ जणांना नाकातल्या नळीतून ऑक्सिजन किंवा साधी हवा दिली. ऑक्सिजनने साध्या हवेपेक्षा जास्त आराम पडला नाही. गाल आणि नाकाच्या त्वचेला गार हवा लागली की तिथल्या मज्जातंतूंमुळे दमाची जाणीव कमी होते, असा त्याचा अर्थ लावतात. पंख्याने पाणी निघत नाही की सूज उतरत नाही, म्हणून तपासणी टाळण्यासाठी तो नाही. पण तपासणीची वेळ मिळेपर्यंत आजच्या रात्रीपुरतं वडिलांना खुर्चीतच नीट बसवा, पाठीला आणि दोन्ही हातांखाली उशा द्या, खांदे सैल सोडायला सांगा आणि पंखा चेहऱ्यापासून वीतभर लांब धरून नाकावरून गालावर हळू फिरवायला द्या. तो त्यांच्याच हातात असू द्या, तुम्ही धरू नका.