वय तेरा, स्वभाव बुजरा, घर हवंय

कोथरूडच्या आमच्या सोसायटीतल्या एक आजी मागच्या महिन्यात गेल्या. दिवसकार्य झालं, मुलगा बंगळूरला परतायच्या तयारीला लागला आणि प्रश्न उरला तो त्यांच्या मांजरीचा. वय तेराच्या आसपास, आजींशिवाय कुणाच्या वाऱ्याला उभी न राहणारी. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, शेल्टरला देऊन टाका. दुसरा म्हणतो, मांजरच ती, खाली पार्किंगमध्ये सोडा, कुणी ना कुणी दूध घालेल. मुलगा दोघांनाही 'बघतो' म्हणतोय. मी हे सगळं इंग्लंडात, रेडिंगला बसून वाचते आहे आणि मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत.

पार्किंगचं आधी निकालात काढते. सगळा जन्म चार भिंतींत काढलेल्या मांजरीला खालच्या बोक्यांच्या हद्दी ठाऊक नसतात, गाड्यांची सवय नसते. या वयात बऱ्याचदा दात दुखत असतात, मूत्रपिंडं थकलेली असतात आणि दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचतही नाही. शिवाय जी अनोळखी माणूस दिसलं की कपाटामागे शिरते, ती बशी ठेवणाऱ्या हातापर्यंत येणार कशी? तिला खाली सोडणं म्हणजे मरायला सोडणं. हे कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं, म्हणून बोलते.

शेल्टरचं तसं नाही. शेल्टर हवंच. पण शेल्टरला दिलं की प्रश्न मिटला, असं आपण जे धरून चालतो, त्याला माझा विरोध आहे. खरं काम तिथून पुढे सुरू होतं, आणि ते मी जवळून बघते. सुटीच्या दिवशी मी इथल्या मांजरांच्या एका शेल्टरमध्ये मदतीला जाते.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे करड्या पट्ट्यांची एक मांजर आली. तिच्या मालकीणबाई वृद्धाश्रमात गेल्या होत्या आणि तिथे प्राणी चालत नव्हते. आली तशी ती लिटर ट्रेच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसली. माणसं निघून गेल्यावर रात्री खायची. अंग चाटणं तिने सोडलं होतं, त्यामुळे पाठीवर केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या, आणि त्या सोडवायला हात लावू द्यायची नाही.

अशा मांजरीसाठी सगळ्यात आधी करायचं ते म्हणजे तिला लपू देणं. पुठ्ठ्याचं साधं खोकं, त्यावर चादर, आणि तिच्या खोलीच्या काचेचा अर्धा भाग टॉवेलने झाकलेला. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एका शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या मांजरांवर हे तपासून पाहिलं. ज्यांना लपायला खोकं मिळालं, त्यांचा ताण बाकीच्यांपेक्षा लवकर उतरला. आमच्याकडे नवीन मदतनिसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. खोक्यातून ओढून काढायचं नाही, वाकून आत बघायचं नाही. रोज त्याच माणसाने त्याच वेळी जायचं, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं, आणि नजरानजर झालीच तर डोळे हळूच मिटून उघडायचे. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात असं दिसलं की माणसाने असे डोळे मिटले तर मांजरंही उलट तसेच मिटतात, आणि अनोळखी माणसाच्याही जवळ यायला जास्त तयार होतात. बऱ्याच दिवसांनी एकदा तिने माझ्यासमोर चमच्यावरचं माशाचं पातळ खाणं चाटलं. मान खोक्याबाहेर, बाकीचं सगळं अंग आत, आणि कान मागे दाराकडे.

पण तिला न्यायला कोण येणार? लोक येतात, काचेसमोर उभे राहतात. पिल्लू काचेवर पंजे मारतं, बघता बघता त्याचं घर ठरतं. आमच्या बाईंचं फक्त शेपटीचं टोक दिसायचं. त्यात थायरॉइडची गोळी जन्मभर. दहाच्या पुढच्या मांजरीचा विमा महाग, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

शेवटी दोन गोष्टी कामी आल्या. एक म्हणजे आमच्यातल्या एकीने तिला आपल्या घरी, मागच्या खोलीत तात्पुरतं ठेवून घेतलं. चार भिंतींचं शांत घर मिळताच ती खिडकीच्या कट्ट्यावर बसायला लागली. मग तिथला फोटो काढता आला. दुसरं म्हणजे घर शोधताना लोकांना दाखवायचं तिच्या माहितीचं कार्ड. त्यावर गोड-गोड काही लिहिलं नव्हतं. 'ही मांजर मांडीवर बसणार नाही. पहिले काही आठवडे कदाचित दिसणारही नाही. लहान मुलं, कुत्रा किंवा दुसरं मांजर असलेल्या घरात ती सुखी राहणार नाही. रोज गोळी द्यावी लागेल. ज्यांना घरात एक शांत सोबत हवी आहे आणि वाट बघता येते, त्यांनी विचारावं.' हे वाचून रेल्वेतून निवृत्त झालेले एक एकटे गृहस्थ आले. ते पलंगाखालच्या मांजरीकडे न बघता जमिनीवर बसले आणि पेपर मोठ्याने वाचत राहिले. पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन तेच. घर बघायला आमचे लोक गेले तेव्हा त्यांनी तिच्यासाठी एक खोली मोकळी करून ठेवली होती. तिची जुनी चादर न धुता सोबत दिली, म्हणजे नव्या जागी निदान एक वास ओळखीचा राहतो. आता ती त्यांच्या सोफ्याच्या हातावर झोपते. मांडीवर अजून नाही, आणि त्यांची तशी मागणीही नाही.

आता आपल्याकडच्या वादाकडे येते. निराधार जनावराला आसरा द्यायची बुद्धी आपल्याला कुणाकडून उसनी घ्यावी लागलेली नाही. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली. दोन वर्षांत मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. लंडनमध्ये मेरी टीलबी यांनी हॉलोवे भागात हरवलेल्या, उपाशी कुत्र्यांसाठी जागा उघडली ती १८६० मध्ये, आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी त्यांची टर उडवली. तीच संस्था पुढे लंडनच्याच बॅटर्सी भागात गेली आणि १८८३ पासून मांजरंही घ्यायला लागली. म्हणजे करुणेत आपण मागे नव्हतो, उलट पुढेच होतो. फरक पडला तो पुढच्या पायरीवर. पांजरापोळीत आलेलं जनावर मरेपर्यंत तिथेच राहायचं. भाकड गाईला, लंगड्या बैलाला ते योग्यच होतं. बॅटर्सीत आलेला प्राणी मात्र मालकाकडे परत किंवा नव्या घरी, बाहेर जावा हा विचार वाढत गेला. आपण आजही ठेवून घेण्याचाच हिशेब करतो. किती पिंजरे, किती खर्च, खायला कोण घालणार. बाहेर न्यायला कोण येणार, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

याचा पुरावा २०२५ मध्ये सगळ्यांसमोर होता. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा, परत सोडू नका, असा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री होती तिथे परत सोडा, मात्र रेबीजची किंवा आक्रमक असतील ती नाही, असं ठरलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांसाठी पुन्हा कडक आदेश आला. प्रत्येक वेळी आपण दोन गटांत वाटले गेलो, माझ्या घरच्या ग्रुपवरही. मी कुत्र्यांच्या भीतीला हसणार नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि ज्याच्या लेकराला चावलंय त्याला निर्दय म्हणायचा अधिकार मला रेडिंगला बसून नाही. पण २२ ऑगस्टच्या त्याच आदेशात आणखी एक गोष्ट होती. ज्यांना भटकं कुत्रं दत्तक घ्यायचं आहे, त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा. त्यावर आमच्या ग्रुपवर एकानेही चर्चा केली नाही. अर्ज कुठे करायचा, कोणतं कुत्रं कुणाच्या घरी चालेल, सांगणार कोण, हे विचारायला हवं होतं.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. इंग्लंडात भटकं कुत्रं सापडलं की स्थानिक पालिका ते सात दिवस ठेवते. मालक आला नाही तर त्यानंतर ते दुसऱ्याला देता येतं, आणि कायद्याने मारताही येतं. रस्ते मोकळे दिसतात त्याची ही बाजूही बघायला हवी. आमच्या शेल्टरमध्ये येणाऱ्या कितीतरी मांजरांचं कारण एकच असतं, घर बदललं आणि नवा घरमालक प्राणी चालवून घेत नाही. त्यावर २०२५ मध्ये भाडेकरूंसाठी नवा कायदा झाला. घरमालकाने वाजवी कारणाशिवाय प्राण्याला नकार द्यायचा नाही, ही त्यातली तरतूद १ मे २०२६ पासून लागू करायचं ठरलं. आणि डॉक्टरांचं बिल परवडत नाही म्हणून रडत मांजर सोडून जाणारी माणसं मी पाहिली आहेत.

शिवाय आपल्याकडे एक गोष्ट आहे जी इथे मला कुठे दिसत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात मासळी उतरते तिथल्या मांजरी कुणा एकाच्या नसतात, सगळ्यांच्या असतात. तिथल्या बुजऱ्या मांजरीला कुणासमोर चांगलं वागून दाखवावं लागत नाही. होडीखाली लपली तरी तिचा वाटा तिथवर पोचतो. नसबंदी करून, लस देऊन अशा मांजरींना त्यांच्याच जागी राहू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. त्यांना उचलून शेल्टरमध्ये कोंडण्याने कुणाचंच भलं होत नाही. पण आजींची मांजर त्यांच्यातली नाही. ती घरातली आहे आणि तिला घरच लागेल. पन्नास मांजरांच्या हॉलमध्ये ती खाणं सोडेल. मांजराने दोन-तीन दिवस खाणं टाकलं तर यकृतावर बेतू शकतं.

म्हणून सोसायटीला माझं सांगणं असं आहे. तिला आत्ता कुठेही देऊ नका. आजींच्या फ्लॅटची किल्ली मुलाने दिली तर काही आठवडे ती तिथेच राहू शकते, सकाळ-संध्याकाळ एकाने जायचं, रोज तोच माणूस. सोसायटीत प्राणी नकोत असं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तेवढ्यात डॉक्टरकडून रक्त आणि दात तपासून घ्या, म्हणजे नेणाऱ्याला नंतर धक्का बसणार नाही. मुलाने औषधांचा खर्च उचलायचं लेखी कबूल केलं तर घर मिळणं पुष्कळ सोपं होईल. आणि फक्त त्यालाच ठाऊक असलेल्या गोष्टी त्याने जायच्या आधी लिहून द्याव्यात. ती काय खाते, कुठल्या कपाटामागे बसते, कुकरच्या शिट्टीला घाबरते का, आजी तिला कोणत्या नावाने हाक मारत.

बी विंगमधल्या काकूंनी गरज पडली तर आपली मागची खोली देऊ केली आहे, घर मिळेपर्यंत. मी काल मुलाला फोन करून त्यांच्याशी बोलायला सांगितलं. कार्ड लिहायचं काम मी घेतलंय, फोटो आला की पाठवते. पुण्यात कुणाचं घर शांत असेल, दुसरं जनावर नसेल, आणि मांजर पहिले दोन महिने पलंगाखाली राहिली तरी चालणार असेल, त्यांनी काकूंना विचारून तिच्याजवळ जमिनीवर थोडा वेळ बसून जावं.