फ्लेक्सिबल आहे म्हणून मोडून पाठवायचं?

तिसऱ्यांदा! तिसऱ्यांदा माझ्या दारात मॉडेल रेल्वेच्या रुळांचं खोकं मधोमध वाकून आलंय. कुरिअरवाल्याने पिशवीतून ओढून काढलं तेव्हाच पोटात गोळा आला, कारण सव्वातीन फुटांचं खोकं मधे ढिलं होऊन लोंबत होतं. आत फ्लेक्स ट्रॅकच्या, म्हणजे हवं तसं वळण देता येणाऱ्या रुळांच्या, पाच पट्ट्या होत्या, प्रत्येकी 914 मिलिमीटरच्या. तीन कामातून गेल्या.

दुकानदाराला फोन केला. काय म्हणावं त्याने? "सर, फ्लेक्सिबल ट्रॅक आहे ना तो, वाकणारच. हाताने सरळ करून घ्या."

डोकंच फिरलं माझं. अरे, हा माल तू विकतोस ना? मग तो कुठल्या बाजूला वाकतो एवढंही तुला माहीत नसावं? फ्लेक्स ट्रॅक टेबलावर सपाट ठेवून डावी-उजवीकडे वळवायचा असतो. वर-खाली तो वाकवायचाच नसतो! कोड 100 म्हणजे रुळाची उंची इंचाचा दहावा भाग, 2.54 मिलिमीटर. एवढ्याशा रुळाला त्या दिशेने एकदा बाक बसला की तो पूर्ण जात नाही. काचेवर ठेवून दाबलं, पक्कडीच्या तोंडाला कापड गुंडाळून सरळ केलं, सगळं करून झालंय. डोळ्याला सरळ दिसतो. इंजिन त्या जागी आलं की पुढचं चाक उचललं जातं आणि गाडी रुळावरून खाली.

मग लोक सल्ला देतात, तयार वळणाचे तुकडे घे, कशाला डोक्याला ताप? मला मिळालेले तयार तुकडे 18 इंच त्रिज्येचे आहेत. आपल्या रेल्वेचा हल्लीचा लांब प्रवासी डबा, एलएचबी, 23.54 मीटरचा, 1:87 प्रमाणात तो 27 सेंटिमीटर होतो. असा डबा त्या वळणावर आणला की पोट आत, टोकं बाहेर, आणि कपलिंग तिरकं ओढलं जाऊन डबा पडतो. मला बोरघाट करायचाय. कर्जतला मागून बँकर, म्हणजे चढावर गाडी ढकलणारी इंजिनं, लागायची आणि वळणावर खिडकीतून स्वतःच्याच गाडीचं इंजिन दिसायचं, ते वळण मला टेबलावर हवंय. ते ऐसपैसच पाहिजे. म्हणून 30 इंच त्रिज्या धरली आणि म्हणून फ्लेक्स ट्रॅक.

आणि हे वळवणं म्हणजे दोन हातांनी दाबलं आणि झालं असं नसतं. वळवलं की आतला रूळ पुढे सरकून बाहेर येतो. 30 इंचाच्या वळणाला एका पट्टीमागे साधारण 20 मिलिमीटर. तेवढा कटरने तोडायचा, कानशीने तोंड घासायचं, टोकाच्या दोन स्लीपरवरचे खिळ्यांचे नक्षीदार उंचवटे कापायचे, तेव्हा कुठे जॉइनर, म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणारा छोटा तुकडा, आत जातो. अर्धवर्तुळाला जवळजवळ 2.4 मीटर ट्रॅक लागतो, म्हणजे तीन पट्ट्या आणि वळणातच दोन सांधे. रुळाचा स्वभाव परत सरळ व्हायचा. नुसता जॉइनर घालून सोडलं की सांध्याजवळ दोन्ही टोकं सरळ होतात आणि तिथे कोन पडतो. नख फिरवलं की अडकतं. जिथे नख अडकतं तिथे चाक अडकणार, हे धरूनच चालायचं.

यावर उपाय एकच. पट्ट्या आधी सरळ ठेवून सांधा सोल्डर करायचा आणि मग सगळं एकसंध वळवायचं. वाचा परत, *सरळ* ठेवून! मुळात पट्टी सरळ आली पाहिजे ना? घरापर्यंत पोहोचतानाच कंबरेत मोडली तर मी सोल्डर कशाला करू? गेल्या महिन्यात एक रविवार सकाळपासून अंधार पडेपर्यंत बसून, पुतण्याला दुसरं टोक धरायला लावून, जुन्या बाक बसलेल्या पट्ट्यांचं वळण बसवलं. रात्री गाडी सोडली. तिसऱ्या फेरीला त्याच जागी पडली. पोराचा चेहरा बघवला नाही मला.

जॉइनर पट्ट्यांबरोबर येत नाहीत ते वेगळंच. ते स्वतंत्र मागवायचे, आणि ट्रॅक असतो तेव्हा जॉइनर संपलेले असतात. पुण्यात तपकीर गल्लीत गेलं की सोल्डरगन, फ्लक्स, तार, स्विच सगळं दहा मिनिटांत हातात पडतं. रुळांचा जॉइनर मागितला की दुकानदार तोंडाकडे बघतो. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं एवढं सुंदर संग्रहालय आहे, तिथून पोरं डोळे मोठे करून बाहेर पडतात. यातल्या एखाद्याने घरी रूळ टाकायचे म्हटलं तर त्याने काय करायचं? असलीच वाकडी खोकी झेलायची?

मी काही अवघड मागत नाही. मीटरभर पीव्हीसी पाइप घ्या, पट्ट्या आत सरकवा, दोन्ही टोकांना बूच लावा. आमच्या गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे असा पाइप पाहिजे तेवढा कापून मिळतो. त्याचे पैसे माझ्याकडून घ्या, वर पॅकिंगचे घ्या, मी एका शब्दाने घासाघीस करणार नाही. हेही त्याला फोनवर सांगितलं. पाइप मीच विकत घेऊन तुमच्याकडे पाठवतो, असंही म्हणालो.

"तशी सिस्टिम नाहीये सर आमच्याकडे."

आणि माल परत? एका पट्टीला मी कटर लावलाय, त्यामुळे अख्खी ऑर्डर परत घेता येणार नाही. पाच पट्ट्यांचे पैसे गेले, अर्धवर्तुळाला तीन लागतात, धड आहेत त्या दोन.