मॅसॅच्युसेट्सचे नऊच्या नऊ खासदार आणि नकाशावरचा आळ

टेक्सासच्या रिपब्लिकनांनी २०२५ च्या उन्हाळ्यात, पुढच्या जनगणनेची वाट न बघता, मतदारसंघांची फेरआखणी करून पाच जास्तीच्या जागा काढायचा घाट घातला. त्यावर टीका सुरू होताच एक उत्तर सगळीकडे फिरायला लागलं, ते अजून फिरतंच आहे: ‘मॅसॅच्युसेट्समध्ये २०२४ ला ट्रंप यांना ३६ टक्के मतं पडली, तरी हाऊसच्या (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) तिथल्या नऊ जागांपैकी एकही रिपब्लिकनांकडे नाही. म्हणजे डेमोक्रॅट्सनी नकाशा कधीच चोरलाय. आणि मतदारसंघ आपल्या सोयीने आखायच्या या लबाडीचा, ‘जेरीमँडरिंग’चा, जन्म तरी कुठला? त्याच राज्यातला!’

आकडे बरोबर आहेत. निष्कर्ष नाही.

त्या उत्तरात गृहीत धरलेला पहिला मुद्दा: ३६ टक्के मतं म्हणजे नऊपैकी तीन जागा. ही त्रैराशिकाची सवय भारतातल्या वाचकाला तरी नसावी. दिल्लीत २०२४ च्या लोकसभेला आप आणि काँग्रेसची युती होती, दोघांची मिळून ४३ टक्के मतं झाली आणि सातपैकी जागा मिळाल्या शून्य. तिथे कुणी नकाशाला दोष दिला नाही. एका मतदारसंघात एकच खासदार आणि ज्याला जास्त मतं तो विजयी, अशी पद्धत असली की विखुरलेल्या अल्पमताला काही मिळत नाही. मतांच्या प्रमाणात जागा हव्या असतील तर एका मतदारसंघातून तीन-चार खासदार निवडावे लागतील, आणि १९६७ च्या संघीय कायद्याने नेमकं तेच बंद केलंय. भांडायचं तर त्या कायद्याशी भांडा.

दुसरा मुद्दा: नकाशा नीट काढला असता तर दोन-तीन जागा निघाल्याच असत्या. सगळ्या दाव्यात खरा तपासण्याजोगा भाग हाच, आणि तो तपासून झालाय. टफ्ट्स विद्यापीठात असताना गणितज्ञ मून डचिन यांनी सहकाऱ्यांबरोबर राज्यातल्या जुन्या निवडणुकांचे निकाल घेऊन हाच प्रश्न सोडवायला घेतला. एका मतदारसंघात राज्यातली साधारण नवव्या हिश्श्याची माणसं बसवावी लागतात. मग रिपब्लिकनांना झुकतं माप देणारी गावं आणि प्रभाग वेचून तेवढ्या लोकसंख्येचा एक तरी मतदारसंघ जुळवता येतो का? २००६ च्या संघीय सेनेटच्या (वरिष्ठ सभागृहाच्या) निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवाराला ३० टक्क्यांच्या वर मतं होती. तरी जुळला नाही. गावं एकमेकांना लागून असण्याची अटसुद्धा त्यांनी सोडून पाहिली. तरीही नाही.

कारण साधं आहे. तिथला रिपब्लिकन मतदार एका कोपऱ्यात राहत नाही. तो सगळ्या राज्यात थोडाथोडा पसरलाय, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तो तिसरा हिस्साच भरतो. अध्यक्षीय निवडणुकीत २०२० आणि २०२४, दोन्ही वेळा राज्यातल्या १४ च्या १४ काउंट्या (जिल्हे) डेमोक्रॅट्सकडे गेल्या. लबाडीने नकाशा काढायलाही हाताशी कच्चा माल लागतो!

हा अभ्यास २०२४ च्या आधीचा आहे, हे मान्य. त्यानंतर राज्याचा आग्नेय भाग सरकलाय. फॉल रिव्हर हे कापडगिरण्यांचं जुनं, पोर्तुगीज वस्तीचं शहर २०२४ मध्ये ट्रंप यांच्याकडे गेलं. त्या भागात एखादी जागा आता निघू शकते का, यावर खुशाल वाद घाला. पण एक जागा आणि ‘चोरलेल्या तीन जागा’ यांत अंतर आहे.

तिसरा मुद्दा: नकाशा डेमोक्रॅट्सनी काढला. हो, काढला. विधिमंडळ त्यांचं आहे. पण २०२१ च्या नकाशावर सही केली ती चार्ली बेकर या रिपब्लिकन गव्हर्नरने. सही नाकारली असती तरी डेमोक्रॅट्सकडे ती ओलांडण्याइतकं बहुमत होतं, त्यामुळे या सहीचा फार गवगवा मी करणार नाही. मात्र त्या वेळी तंटा पेटला तो कशावरून, ते बघा. फॉल रिव्हर आणि शेजारचं न्यू बेडफर्ड एका मतदारसंघात असावेत की वेगळे, यावरून. शेवटी न्यू बेडफर्ड नवव्या मतदारसंघात राहिलं आणि अख्खं फॉल रिव्हर चौथ्यात गेलं, बॉस्टनलगतच्या न्यूटन-ब्रुकलाइनसारख्या सुखवस्तू उपनगरांच्या जोडीला. टीकाकारांच्या हाती खरं काही असेल तर ते इथे आहे.

आता २०२४ मध्ये त्याच चौथ्या मतदारसंघात काय झालं? मतपत्रिकेवर हाऊससाठी एकच नाव होतं, जेक ऑखिनक्लॉस या डेमोक्रॅटचं. ट्रंप यांना कौल देणाऱ्या शहरातल्या माणसाला खासदारकीसाठी आपल्या पक्षाचा उमेदवारच दिसला नाही. असे बिनविरोध मतदारसंघ पाच होते. नऊपैकी फक्त दोन ठिकाणी, आठव्यात आणि नवव्यात, रिपब्लिकन उभा होता, आणि नवव्यात त्याने ४३ टक्क्यांच्या आसपास मतं घेतली. उभं राहायला दोन हजार वैध सह्या लागतात, हे काही डोंगर उचलणं नव्हे. मैदानातच न उतरता पंचाला शिव्या घालायच्या, हा प्रकार झाला.

उतरलं की काय होतं तेही नोंदलेलं आहे. १९९२ आणि १९९४ मध्ये पीटर ब्लूट आणि पीटर टॉर्किल्डसन हे दोन रिपब्लिकन इथूनच हाऊसवर गेले. १९९६ मध्ये हरले, आणि तेव्हापासून पाटी कोरी. तरी २०१२ मध्ये, डेमोक्रॅट्सनीच आखलेल्या सहाव्या मतदारसंघात, रिपब्लिकन रिचर्ड टिसाय जेमतेम एका टक्क्याने पडले.

राहिला जन्माचा मुद्दा. जेरीमँडरिंगला ज्यांचं नाव चिकटलं त्या गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी १८१२ मध्ये सही केली ती राज्याच्या सेनेटच्या नकाशावर. दोन शतकांपूर्वीच्या त्या सहीवरून आजचा हाऊसचा नकाशा कसा काय दोषी ठरतो, ते फॉरवर्ड करणाऱ्यालाच ठाऊक.

डेमोक्रॅट्स साव आहेत असं यातलं काहीच सांगत नाही. त्यांची लबाडी दाखवायचीच असेल तर इलिनॉयला जा. तिथे ट्रंप यांना ४३ टक्क्यांच्या वर मतं आणि १७ पैकी जागा ३. तेरावा मतदारसंघ मिसिसिपीकाठच्या ईस्ट सेंट लुईसपासून निघतो, स्प्रिंगफील्ड घेतो आणि चिंचोळा होत विद्यापीठाच्या शँपेन-अर्बानापर्यंत जातो. मधला शेतकरी रिपब्लिकन भाग शिताफीने वगळलाय. रिपब्लिकनांचं उत्तर नॉर्थ कॅरोलायनात आहे: कोर्टाच्या नकाशावर २०२२ मध्ये ७-७, विधिमंडळाने तो बदलल्यावर २०२४ मध्ये रिपब्लिकनांच्या बाजूने १०-४. दोन्ही ठिकाणी वेगळा निकाल देणारा नकाशा काढता येत होता. नॉर्थ कॅरोलायनात तर तो वापरूनही झाला होता.