कनूभाई आणि चौदा फुटांचा बांबू

आमच्या सोसायटीत सध्या अशी समजूत आहे, की माझ्याकडे कनूभाई नावाचे कोणी गृहस्थ राहायला येणार आहेत. मी फोनवर म्हणालो होतो, "कनू सोळा किलोच्या वर नको." ते खालच्या देशमुख काकूंनी ऐकलं आणि हळहळल्या, "अगं बाई, इतके खंगले का?"

कनू म्हणजे होडी. वरून उघडी, एका पात्याच्या वल्ह्यानं चालवायची. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं सहसा कयाक नावाच्या दुसऱ्या होडीचं. मला ती एकट्यासाठी हवी होती, कारण नागपुरात एकटं बसायला जागाच नाही. फुटाळ्याच्या काठावर बसा, पाच मिनिटांत ओळखीचं कोणीतरी कणीस खात शेजारी टेकतं आणि विचारतं, "का हो, इकडे कुठे?" रामटेकजवळच्या खिंडसीत, पाण्याच्या मधोमध, हे विचारायला कोणी येणार नाही असा माझा हिशेब.

पहिली अडचण वजनाची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि पार्किंगमध्ये गाडीशिवाय काही ठेवायचं नाही असा सोसायटीचा ठराव. प्लास्टिकची होडी बहुधा तीस किलोच्या आसपास, म्हणजे भरलेला सिलिंडर. केव्हलारची पंधरा-सोळा किलो, म्हणजे रिकामा. मी रिकामा सिलिंडर खांद्यावर घेऊन तालीम केली. दुसऱ्या मजल्यावर मला कळलं की रिकामा हा शब्द फार फसवा आहे. केव्हलार म्हणजे स्टेफनी क्वोलेक या बाईंनी १९६५ साली शोधलेला धागा, बुलेटप्रूफ जॅकेटातला. किंमत ऐकल्यावर मलाच एक जॅकेट लागलं असतं.

दुसरी अडचण, डगमगता कामा नये. म्हणून मी टबात पाणी भरून बायकोपुढे प्रयोग मांडला. परात सपाट बुडाची, ती शांत पाण्यात बिलकूल हलत नाही. कढई गोल बुडाची, बोट लावलं की लवंडते. होडीचं बूड या दोन्हींच्या मधलं, किंचित गोलसर असलं तर ती सुरुवातीला डुलते खरी, पण एका अंगाला कलली की तिथे बऱ्यापैकी तग धरते आणि लाटांतही सपाटीपेक्षा बरी वागते. रुंद घ्यावी तर स्थिर, पण हळू, आणि वल्हं पाण्याला लावायला वाकावं लागतं. एकट्यासाठी साधारण तीस इंच पुरे. बायकोनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "परात द्या, कणीक भिजवायची आहे."

दुकानात गेलो तर दुकानदारानं दोघांची होडी दाखवली. "एकटे बसा ना भाऊ, एक जागा रिकामी राहील." पण मागच्या जागेवर एकट्यानं बसलं की पुढचं टोक वर उचललं जातं आणि वारा त्याला हवं तिकडे फिरवतो. पुढच्या जागेवर उलटं तोंड करून बसलं तर जरा जमतं म्हणतात. मग त्यानं हवा भरायचा एक हंस दाखवला. मी तिथून निघालो.

शेवटी खिंडसीच्या काठी मासे धरणाऱ्या एका काकांनी मला डोंग्यात बसवलं. लाइफ जॅकेट माझं होतं. डोंगा थरथरायला लागला तसा मी दोन्ही कडा घट्ट धरल्या. काका निवांत विडी ओढत म्हणाले, "साहेब, डोंगा नाही हालून राहिला. तुम्ही हालून राहिले. गुडघ्यावर बसा." बसलो. वजन खाली गेलं आणि थरथर थांबली. गुडघ्यांचं पुढे काय झालं ते ऑर्थोपेडिकला माहीत.

आता फक्त जिना राहिला. चौदा फुटांची होडी वळणावर वळेल का? बघायला तेवढ्याच लांबीचा बांबू आणला. दुसऱ्या मजल्यापर्यंत वळला. तिथे देशमुख काकूंच्या दाराची चौकट आणि कठडा यांच्यामध्ये असा रुतला, की मागेही येईना, पुढेही जाईना. वॉचमन, इस्त्रीवाला आणि मी, तिघांनी ओढून पाहिलं.

तीन आठवडे झाले. बांबूवर सध्या काकूंच्या दोन साड्या आणि नातवाचा युनिफॉर्म वाळतो. काल त्यांनी एका टोकाला थोडी जागा मोकळी सोडली होती.

"कनूभाईंच्या टॉवेलला," म्हणाल्या.