वेलमवर प्लॅटिनम धरत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

अर्धपारदर्शक वेलम कागदावर प्लॅटिनम प्रिंट काढून मागे सोन्याचा वर्ख लावण्याबद्दल मी एक लेख लिहिला होता. (प्लॅटिनम प्रिंट म्हणजे कागदावर लोहाच्या आणि प्लॅटिनम किंवा पॅलेडियम या धातूंच्या क्षारांचा लेप देऊन, त्यावर निगेटिव्ह ठेवून प्रकाश दाखवून, मग डेव्हलपर नावाच्या द्रावणात प्रतिमा उमटवलेलं छायाचित्र.) त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तक्रारी तीन आहेत. डेव्हलपर ओतताच काळी भुकटी वाहून गेली. धुतल्यावर पिवळट डाग राहिले. आणि जी प्रतिमा उरली, ती सुती कागदावरच्या प्रिंटपुढे निस्तेज दिसते. त्यावरून तुम्ही म्हणता की वेलम हा प्लॅटिनमचा कागदच नव्हे, आणि मागे लावलेला सोन्याचा वर्ख ही फसलेला प्रिंट झाकायची युक्ती आहे. पहिल्या तक्रारीत चूक माझ्या लेखाचीही आहे. ‘लेप हवेवर वाळू द्या’ एवढंच लिहून मी पुढे गेलो, आणि तेवढ्यावर कोणाचाही प्रिंट बिघडेल. बाकी दोन्ही मुद्दे मला पटत नाहीत.

वेलम कागदाचा लगदा फार वेळ कुटलेला असतो. तंतू एकमेकांना इतके घट्ट चिकटतात की मधे हवा उरत नाही, म्हणून तो अर्धपारदर्शक दिसतो. (मूळचं वेलम म्हणजे वासराचं कातडं, इथे ते अभिप्रेत नाही.) असा कागद द्रावण आत ओढत नाही, ते वरच बसतं. सुती कागदावर ८ बाय १० इंचाला २७ टक्के फेरिक ऑक्झलेटचे (लेपातला प्रकाश-संवेदी लोहाचा क्षार) २२ आणि प्लॅटिनम-पॅलेडियमच्या क्षाराचे २२ थेंब लागत असतील, तर वेलमवर १६-१६ थेंबांनी सुरुवात करा. तुम्ही लेपाचे दोन हात दिलेत. जास्तीचा धातू पृष्ठभागावर तयार झाला, त्याला धरायला तंतू नव्हते, तो डेव्हलपरमध्ये सुटला. भुकटी तीच.

सुरुवातीला धातू म्हणून नुसतं पॅलेडियम घ्या. प्लॅटिनमला ओलावा जास्त लागतो आणि या कागदावर ते लवकर दाणेदार होतं. हात बसला की धातूच्या क्षाराचा चौथा हिस्सा प्लॅटिनमचा करा.

कुंचला धातूची पट्टी नसलेला हवा. तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून टिपकागदावर टेकवा, मग हलक्या हाताने आडवा-उभा फिरवा. थोड्याच वेळात कागद लाटांसारखा उचलतो आणि द्रावण खोलगट जागी साचू लागतं. घाबरून कुंचला दाबू नका, ओरखडे उठतात. साचलेलं तेवढं कोरड्या टोकाने पसरवा आणि चमक मंदावली की हात काढून घ्या.

आता लेखात राहून गेलेलं. मंद पिवळ्या दिव्यात, ५० ते ६० टक्के आर्द्रतेत, चमक पूर्ण जाईपर्यंत कागद आडवा ठेवा, आणि त्यानंतर आणखी अर्धा तास. हेअर ड्रायर वापरायचाच तर शेवटी, थंड हवेवर, मागच्या बाजूने. हाताची मागची बाजू कागदाला लावून पाहा: गार लागला तर आत पाणी आहे. हलवल्यावर खडखडत असेल तर तो जास्त वाळला, आणि अशा कागदावर काळे भाग फिके आणि दाणेदार येतात. ओलसर राहिला तर इंकजेट निगेटिव्हची शाई उचलली जाते. म्हणून कागद आणि निगेटिव्हच्या मधे १२ मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म ठेवलेली बरी.

पिवळे डाग म्हणजे न निघालेलं लोह. तुम्ही डेव्हलपरनंतर थेट नळाचं पाणी वापरलंत, घोटाळा तिथे झाला. आम्लता गेली की लोहाचा न विरघळणारा हायड्रॉक्साइड होतो आणि तंतूंत रुतून बसतो. शिवाय ऑक्झलेटचा डेव्हलपर असेल तर जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे पांढरा साका येतो. पहिलं पाणी डिस्टिल्डच, त्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड. मग डायसोडियम इडीटीएची (लोहाला धरून पाण्यात ओढून आणणारं रसायन) तीन पाणी, प्रत्येकी १० ते १५ मिनिटं, कारण दाट कागदातून लोह सावकाश निघतं. टेट्रासोडियम इडीटीए अल्कधर्मी असतं, ते सुरुवातीला नको. ओला वेलम कोपऱ्याला धरून उचलू नका. एकदा मोडला की पांढरी रेघ कायमची राहते. खाली पॉलिएस्टरचा ताव सरकवून त्याच्यासकट उचला.

निस्तेजपणाबद्दल. सुती कागदावर उजळ भाग कागद स्वतः देतो. वेलममधून प्रकाश आरपार जातो, म्हणून मागे जे असेल तेच उजळ भागात दिसतं. लाकडी टेबलावर ठेवलेला प्रिंट करडाच दिसणार. त्याच प्रिंटमागे शुभ्र कागद सपाट दाबून ठेवा आणि पुन्हा पाहा. वर्खाचं काम हेच आहे: उजळ भागाचा रंग तो देतो. उजळ भागांवर धुरकट थर चढलेला असेल तर त्याखाली सोनं चमकतच नाही, त्यामुळे तसला प्रिंट वर्खाने वाचत नाही.

एवढं मात्र तुमचं खरं, की पिवळा डाग सोन्यावर लपतो. म्हणून प्रिंट वाळवून, वजनाखाली सपाट करून, लेप लागलेली पण निगेटिव्हच्या झाकणाखाली राहिलेली कड पांढऱ्या कागदावर ठेवून बघायची. कोऱ्या वेलमच्या तुकड्याशेजारी ती जराही पिवळी दिसली, तर वर्ख बाजूला ठेवा आणि प्रिंट पुन्हा इडीटीएत घाला.