सोनेगावचं तापमान म्हणे दिल्लीत कापतात

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, लागला की ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरतो. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर खरं तापमान मोजतात, आकडा दिल्लीला जातो, तिथे तीन अंश कापून जगाला पाठवतात, प्रत्येक देशाचा फॉरमॅट वेगळा म्हणून कोणाला पत्ता लागत नाही, आणि खरा आकडा फक्त फॉरेनच्या साईटवर, ॲपमध्ये अन् सॅटेलाइटवर दिसतो. यंदा माझ्या मामेभावानेच पाठवला, म्हणून कूलरसमोर बसून लिहितोय.

फॉरमॅट वेगळा? पार उलटं आहे भौ. हवामानाच्या निरोपाची भाषा जागतिक हवामान संघटनेने सगळ्यांसाठी एकच ठरवली आहे. नागपूर सोनेगावचा स्टेशन नंबर ४२८६७, आणि सिनॉप नावाच्या कोडमध्ये पाच-पाच आकड्यांचे गट जातात, टेलिप्रिंटरच्या जमान्यातले. समजा गट आला १०४५२, तर पहिला १ म्हणजे तापमान, नंतरचा ० म्हणजे शून्याच्या वर, आणि ४५२ म्हणजे ४५.२ अंश. बस. कराचीवाला पण हाच कोड पाठवतो, एवढी भांडणं असून! आता याची जागा बफर नावाचा फॉरमॅट घेतोय, त्यात तापमान केल्विनमध्ये असतं, तर तिथे ३१८.३५ दिसलं की स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकू नका, ते ४५.२ च आहे.

दिल्लीला जातो हे मात्र खरं. पण काऊन जातो? तर जगभरच्या हवामान खात्यांच्या टेलिकॉम नेटवर्कवर दिल्ली हे एक हब आहे, पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिससारखं, पाकिटावरचा पत्ता बघून पुढे ढकलायचं. बरं, तरी मानू की कोणीतरी रोज तीन अंश कापतं. मग युरोपचं हवामान सेंटर, जर्मनी, जपान, अमेरिका हे सगळे आपापल्या मॉडेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर मांडलेल्या हवामानाच्या गणिताच्या, अंदाजाशी प्रत्येक स्टेशनचा आकडा ताडून बघतात, आणि कुठलं स्टेशन गडबड करतंय ते संघटनेच्या वेबसाईटवर नकाशावर सगळ्यांना उघड दिसतं. रोज तीन अंश कमी येणारं स्टेशन तिथे लपणार कसं? शिवाय विमानतळाचा मेटार रिपोर्ट वेगळा निघतो, तो पायलट वापरतात, आणि गरम हवा विरळ असते म्हणून टेकऑफला किती वजन चालेल हे तापमान बघून ठरतं. तिथे तीन अंश कापायची हिंमत कोण करेल बे?

मग ५६ अंशाचं काय, हे विचारणारच. ३० मे २०२४ ला नागपुरातल्याच रामदासपेठेच्या ऑटोमॅटिक स्टेशनने ५६ दाखवलं, बरोबर. पण त्याच दिवशी जिल्ह्यातल्या दुसऱ्या दोन ऑटोमॅटिक स्टेशनांवर ४४ च्या आसपास होतं, आणि खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. जगाचा रेकॉर्ड कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा, १९१३ चा, ५६.७. रामदासपेठ त्याच्या एका अंशाच्या आत आली अन् बर्डीच्या बाजारात नेहमीसारखी ट्रॅफिक, हे कसं पटतं तुम्हाला? माझी तक्रार दुसरीच आहे, असा आकडा तपासणीआधी लोकांसमोर येतोच कशाला.

"फॉरेनच्या साईटवर सकाळी नऊलाच ४५" वाला स्क्रीनशॉट तर लय भारी. ते ०९०० यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ, आहे रे, आपले दुपारचे अडीच. जगभर एकाच घड्याळावर मोजमाप व्हावं म्हणून तसं लिहितात.

ॲपमधला आकडा बहुतेक वेळा मोजलेला नसतोच, मॉडेलचा असतो. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलचे आकडे ज्या जाळीवर वाटतात तिचा एक चौकोन साधारण २५ किलोमीटरचा, म्हणजे धरमपेठ ते हिंगणा एकाच डब्यात. वर "फील्स लाइक", म्हणजे अंगाला किती गरम वाटतं तो आकडा, वेगळाच. अन् गंमत म्हणजे त्या मॉडेलला सुरुवातीला जो डेटा खाऊ घालतात त्यात आपलं ४२८६७ पण असतं.

सॅटेलाइट जमिनीचं तापमान बघतो, डांबराचं, पत्र्याचं. हवेचं तापमान सावलीत, पांढऱ्या जाळीदार पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर मोजतात. रस्त्यावर अंडं शिजतं तो रस्ता गरम असतो, मामेभाऊ.